निधी खात्यावर आहे, मग काम का होत नाही? ग्रामपंचायतीच्या नव्या कारभाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा: गावची लोकसंख्या अडीच हजारांच्या घरात, ग्रामपंचायतीवर नवं मंडळ आलंय. वित्त आयोगाचे पैसे खात्यावर दिसतात, पण गटार म्हणा, रस्ता म्हणा, उत्तर एकच मिळतं, ‘आराखड्यात नाही’. आणि एखाद्या योजनेचा सुगावा लागेपर्यंत प्रस्तावाची तारीख उलटून गेलेली असते. तर पैसा खर्च कसा करायचा आणि माहिती वेळेवर मिळवायची कुठून?

दोन्ही अडचणी तारखांच्या आहेत. कागदावर आर्थिक वर्ष १ एप्रिलला लागतं, पण ग्रामपंचायतीच्या कामाचं वर्ष त्याआधीच्या २ ऑक्टोबरला सुरू झालेलं असतं. केंद्राच्या ‘सबकी योजना, सबका विकास’ मोहिमेत २ ऑक्टोबर ते ३१ जानेवारी या चार महिन्यांत पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा ठरवून ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवायचा असतो. महाराष्ट्रात हे काम चौदाव्या वित्त आयोगापासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने चालतं. देयक टाकताना पोर्टल आधी आराखड्यातलं काम मागतं. ते नसेल तर पुढचं पान उघडतच नाही. त्यामुळे दर वेळी भाऊसाहेब अडवतात असं समजू नका. (ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं एकच पद करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये घेतला, गावात हाक अजून भाऊसाहेब अशीच.)

म्हणून पहिलं काम: ई-ग्रामस्वराज उघडा आणि चालू वर्षाचा मंजूर आराखडा छापून घ्या. त्यासाठी लॉगिन लागत नाही. राज्य, जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत निवडली की आराखडा, जमाखर्च आणि झालेली देयकं कोणालाही दिसतात. बहुतेक गावांत असं आढळतं की येणाऱ्या निधीच्या दुप्पट-तिप्पट रकमेची कामं लिहून ठेवलेली आहेत आणि त्यातली अर्धी मोघम आहेत. तुम्हाला हवं असलेलं काम कधी कधी त्यात दुसऱ्याच नावाने सापडतं. नसेलच तर पूरक आराखड्याची सोय आहे. ग्रामसभेचा ठराव घ्या, ज्या कामाचं अंदाजपत्रकही झालेलं नाही ते मागे टाका, नवं काम घाला आणि पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्यांकडून (पंचायत) पोर्टलवर बदल करून घ्या. हे मार्चमध्ये करायला गेलात तर कोणी दाद देणार नाही. सप्टेंबरच्या आत उरका.

मोघम कामांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचे बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात. ‘गावांतर्गत गटार बांधणे’ असं लिहिलेलं काम कुठेही करता येतं, म्हणजेच त्यावरून भांडणही कुठेही होतं. दोन वर्षांनी तपासणीला आलेला माणूस विचारतो की गटार कोणतं, तेव्हा कोणालाच दाखवता येत नाही. ठरावात आणि आराखड्यात काम असं लिहा: ‘मारुती मंदिर ते ओढा, उत्तरेकडील बाजूने बंदिस्त गटार, लांबी १२० मीटर’. जागा, दिशा, लांबी, शेवटचं टोक. जिओटॅगचे फोटोही काम सुरू होण्याआधी, चालू असताना आणि संपल्यावर एकाच ठिकाणी उभं राहून काढा, मागे तीच भिंत किंवा तोच खांब दिसेल असे.

आता पैशाच्या अटी. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीत ६० टक्के रक्कम बंधित आणि ४० टक्के अबंधित होती. बंधितातली निम्मी, म्हणजे एकूण निधीच्या ३० टक्के, स्वच्छता आणि हागणदारीमुक्त दर्जा टिकवण्यासाठी. बाकी ३० टक्के पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यासाठी. अबंधितातून गावाच्या गरजेचं काहीही करता येतं, मात्र पगार आणि आस्थापना खर्च नाही. वर्षाला १० लाख येतात असं धरलं तर ३ लाख स्वच्छता, ३ लाख पाणी आणि मोकळे हातात राहतात ते फक्त ४ लाख. शाळेची दुरुस्ती, अंगणवाडी, रस्ता, स्मशानभूमी या सगळ्यांची ओढाताण त्या चारमध्ये होते. १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ लागला. जुना शिल्लक पैसा जुन्या अटींनी खर्चायचा आणि नव्या पैशाचं प्रमाण त्याच्या स्वतःच्या शासन निर्णयात बघायचं. सवयीने ६०-४० धरून आराखडा करू नका.

‘शेजारच्या गावाला जास्त कसे मिळाले’ हा वाद पंचायत समितीत घालण्यात अर्थ नाही. पंधराव्या आयोगाच्या निधीत राज्यात ग्रामपंचायतींना ८० टक्के आणि पंचायत समिती व जिल्हा परिषदेला प्रत्येकी १० टक्के अशी विभागणी होती. ग्रामपंचायतींमधली वाटणी ९० टक्के लोकसंख्येवर आणि १० टक्के क्षेत्रफळावर, तीही २०११ च्या जनगणनेच्या आकड्यांवर. शहराला लागून असलेल्या ज्या गावांची वस्ती त्यानंतर दुप्पट झाली त्यांच्यावर यात उघड अन्याय होतो, पण तो तालुक्यात सुटणारा नाही. एक अट मात्र तुमच्या हातातली आहे. निवडून आलेलं मंडळ आणि ऑनलाइन लेखापरीक्षित हिशेब या दोन्हींवर निधी अवलंबून असतो. पोर्टलवर दर महिन्याची आणि वर्षअखेरची पुस्तकं बंद झाली आहेत की नाही ते विचारा. ‘झालंय सगळं’ या उत्तरावर न थांबता स्क्रीनवर बघा.

बंधित स्वच्छता निधीतली सगळ्यात मोठी चूक म्हणजे पेव्हर ब्लॉक. चौक सुशोभित होतो, फोटो छान येतो आणि लेखापरीक्षणात आक्षेप येतो. दुसरी चूक जास्त महाग पडते: ज्या गटाराला शेवट नाही असं गटार. हिशेब करून बघा. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे. अडीच हजार लोकांना रोज १ लाख ३७ हजार ५०० लिटर पाणी दिलं आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी झालं, तर रोज १ लाख १० हजार लिटर पाणी कुठेतरी जायला हवं. नळ घराघरात आले तसं हे पाणी वाढलं. गटारं मात्र हापशाच्या काळातली आहेत. गटार बांधून ते कोणाच्या तरी शेताच्या बांधावर सोडलं की पहिल्या वर्षी तक्रार, दुसऱ्या वर्षी तो शेतकरी माती टाकून तोंड बुजवतो आणि तिसऱ्या वर्षी पाणी उलटं घरांत येतं. अंदाजपत्रक करायला शाखा अभियंता आला की त्याला आधी शेवटच्या टोकाला न्या आणि मग सुरुवातीला. उताराचं लेव्हल मशीनने मोजमाप झालंय का ते विचारा, डोळ्याने उतार धरू देऊ नका. ओढ्यात थेट सोडायचं नसेल तर शेवटी स्थिरीकरण तळं किंवा निदान गाळकुंडी व शोषखड्ड्यांची रांग त्याच अंदाजपत्रकात बसवा. नंतर वेगळं काम म्हणून ते कधीच होत नाही.

अनेक वस्त्यांत गटारापेक्षा घरोघरचा शोषखड्डा स्वस्त आणि टिकाऊ ठरतो. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने हाच मार्ग धरला आणि तिथल्या ‘मॅजिक पिट’चा नमुना पुढे इतर गावांनी उचलला. खड्डा ४ फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट खोल. मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, तिच्या भोवती खाली मोठे आणि वर लहान दगड, वर गोणपाट किंवा जाड प्लास्टिक आणि त्यावर माती. खड्ड्याचं घनफळ सुमारे १,८०० लिटर भरतं. दगडांतली पोकळी जाता एका वेळी सातेकशे लिटर पाणी मावतं. पाच जणांच्या घराचं सांडपाणी दिवसाला सव्वादोनशे लिटर, म्हणजे जमीन बऱ्यापैकी पाणी जिरवत असेल तर पुरून उरतं. खड्डा बिघडतो तो तीन कारणांनी. पाणी खड्ड्यात जाण्याआधी केस, खरकटं, तेल अडवणारी छोटी कुंडी केलेली नसते, किंवा केलेली असते पण पंधरा दिवसांनी कोणी उपसत नाही. काळ्या चिकण जमिनीत आणि कातळावर तेच माप वापरलं जातं. अशा ठिकाणी खड्डा मोठा हवा किंवा जागाच बदलायला हवी. आणि विहीर किंवा बोअर जवळ असतं. निदान १५ मीटर अंतर ठेवा, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला खड्डा नकोच. शौचालयाच्या टाकीचं पाणी यात सोडू देऊ नका, तो वेगळा विषय आहे.

पाण्याच्या ३० टक्क्यांबद्दल एवढंच: नव्या टाकीपेक्षा व्हॉल्व्ह, गळती आणि शुद्धीकरण आधी. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर उघड्या पोत्यात ओलाव्याच्या खोलीत ठेवली तर काही आठवड्यांत तिचा दम जातो आणि मग जलसुरक्षक कितीही पावडर टाकू दे, शेवटच्या नळाला ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन आहे का ते रंगावरून दाखवणारी) रंग देत नाही. शेवटच्या नळाला ०.२ पीपीएम क्लोरीन उरलं पाहिजे. चाचणी टाकीखाली नाही, गावाच्या टोकाच्या घरी घ्या.

काम आराखड्यात आल्यावरचा कागदांचा क्रम सरळ आहे, पण एकही पायरी गाळता येत नाही. ग्रामपंचायतीच्या सभेची प्रशासकीय मान्यता, अभियंत्याचं अंदाजपत्रक, अधिकारानुसार उपअभियंता किंवा कार्यकारी अभियंत्याची तांत्रिक मान्यता, मग दरपत्रकं किंवा ई-निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेत नोंद, मूल्यांकन, पूर्णत्वाचा दाखला, आणि मग देयक. ई-निविदेची रकमेची मर्यादा शासन निर्णयांनी वेळोवेळी बदलली आहे, म्हणून काम काढण्याच्या दिवशी लागू असलेला निर्णय फाइलला जोडा. एकच काम मर्यादेखाली आणण्यासाठी दोन-तीन तुकड्यांत पाडलं तर ते लेखापरीक्षकाला सगळ्यात आधी दिसतं, कारण ठराव एकाच सभेचे आणि ठेकेदार एकच असतो. देयकातून आयकर कपात, कामगार कल्याण उपकर १ टक्का, गौण खनिजाचं स्वामित्वधन आणि करार अडीच लाखांच्या वर असेल तर जीएसटीची २ टक्के कपात होते. या कपाती कापून स्वतःच्या खात्यावर पडून राहिल्या आणि शासनाकडे भरल्याच नाहीत, हा लेखापरीक्षणातला ठरलेला आक्षेप आहे.

वित्त आयोगाची देयकं ई-ग्रामस्वराज आणि पीएफएमएस (केंद्राची ऑनलाइन निधी वितरण प्रणाली) यांच्या जोडणीतूनच होतात. ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंच अशा दोघांची डिजिटल सही (डीएससी) लागते. मंडळ बदललं की इथेच महिने जातात. नव्या सरपंचाची डीएससी काढा, जुनी रद्द करून नवी नोंदवा, वरून मंजुरी घ्या. यासाठी निवडीच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज द्या. आधार, पॅन आणि निवडणूक प्रमाणपत्र या तिन्हींवर नाव तंतोतंत सारखं हवं. डीएससीची मुदत साधारण दोन वर्षांची असते, ती मार्चच्या शेवटच्या आठवड्यात संपणार नाही एवढं बघा. आणि ते टोकन व पासवर्ड संगणक चालकाच्या ड्रॉवरमध्ये ठेवण्याची जी पद्धत सर्रास आहे, ती आजच बंद करा. सही तुमची आहे, वसुलीही तुमच्याकडूनच होणार. देयक परत आलं तर आधी ठेकेदाराच्या खात्याचं नाव आणि आयएफएससी तपासा. बँकांच्या विलीनीकरणानंतर जुने कोड अजूनही नोंदीत राहिलेले सापडतात.

ग्रामसभेला १५ टक्के मतदार हवेतच, असा नव्या सदस्यांचा एक गैरसमज असतो. आर्थिक वर्षात निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी असेल ती. १,६०० मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे २४० होतात, तरी १०० पुरतात. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला मात्र गणपूर्ती लागत नाही. काही गावांत पहिली सभा मुद्दाम रिकामी जाऊ देतात आणि तहकूब सभेत पंधरा माणसांत हवे ते ठराव होतात. तुम्ही सदस्य असाल तर तहकूब सभेची तारीख वहीत लिहून घ्या आणि तीच सभा चुकवू नका. तसंच ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती कागदोपत्री उरकली की आराखड्यात पाण्याची आणि सांडपाण्याची कामं खाली ढकलली जातात, हे बहुतेक ठिकाणी दिसतं.

स्वतःचं उत्पन्न हा भाग लोक टाळतात, कारण त्यात मतं जातात. नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही, नमुना ९ मागणीची, नमुना १० कराची पावती. नमुना ८ मध्ये गावातली नवी स्लॅबची घरं, मोबाइल टॉवर, मंगल कार्यालयं आणि पोल्ट्री शेड चढली आहेत का ते गल्ली गल्ली फिरून ताडून बघा. डिसेंबर २०१५ च्या सुधारित नियमांनंतर आकारणी भांडवली मूल्यावर होते आणि दर चार वर्षांनी फेरआकारणी करायची असते. ती राहून गेलेली असेल तर तेवढं उत्पन्न दरवर्षी बुडतंय. या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं बंधनकारक आहे. चार लाख उत्पन्न असेल तर ६०,००० आणि ४०,००० आणि २०,००० रुपये. दिव्यांगांचा वाटा वाटताना गावातल्या दिव्यांगांची नोंदवही आधी पूर्ण करा, नाहीतर ऐन मार्चमध्ये तीनच नावं सापडतात. वसुलीसाठी छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याने पूर्ण कर भरणाऱ्यांना दळण मोफत केलं. ते जसंच्या तसं उचलण्याआधी गिरणीचं वीजबिल आणि माणसाचा पगार तुमच्या वाढलेल्या वसुलीतून निघतो का, ते कागदावर मांडा. थकबाकी असलेला सदस्य बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरत नसेल तर त्याचं सदस्यत्व जाऊ शकतं, त्यामुळे पहिली पावती मंडळातल्या लोकांच्या नावाची फाडा.

आता बातमी वेळेवर मिळण्याचं. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या ‘नवी योजना’ पोस्टवर विसंबू नका. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णय विभागवार मिळतात; दर सोमवारी ग्रामविकास, पाणीपुरवठा व स्वच्छता, सामाजिक न्याय, आदिवासी विकास आणि नियोजन एवढे पाच विभाग चाळायला वीस मिनिटं लागतात. हे काम मंडळातल्या एखाद्या पदवीधर सदस्याला वाटून द्या. प्रत्येक निर्णयावर १८ आकडी संगणक सांकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे वर्ष-महिना-दिवस आणि शेवटचे दोन विभागाचा क्रमांक. ग्रामविकास विभागाचा २०. कोणी निर्णय पुढे पाठवला की तो सांकेतांक घालून मूळ प्रत उघडते का ते बघा, नसेल तर सोडून द्या. निर्णय वाचताना वरचे संदर्भ क्रमांक टाळू नका, जुन्या कोणत्या निर्णयात बदल झालाय ते तिथेच कळतं. निधीचा निर्णय असेल तर शेवटी जोडलेल्या विवरणपत्रात तुमच्या जिल्ह्याची रक्कम आणि लेखाशीर्ष असतं. वित्त आयोगाची रक्कम केंद्राकडून आल्यावर राज्याने दहा कामाच्या दिवसांत ती स्थानिक संस्थांना द्यायची, उशीर झाल्यास व्याजासह, अशी अट होती. तारीख माहीत असेल तरच ती विचारता येते.

वित्त आयोगाबाहेरचा पैसा बहुतेक जिल्हा पातळीवर ठरतो. जिल्हा नियोजन समितीतून जनसुविधा आणि मोठ्या गावांसाठी नागरी सुविधा, समाजकल्याण विभागाकडून अनुसूचित जाती वस्त्यांचा विकास, तांड्यांसाठी वसंतराव नाईक योजना, आदिवासी वस्तीसाठी ठक्कर बाप्पा योजना, आमदारांच्या शिफारशीने येणारा पंचवीस-पंधरा (२५१५ या लेखाशीर्षाचा निधी). पेसा (आदिवासी अनुसूचित) क्षेत्रातल्या गावांना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी ग्रामसभा कोषात थेट मिळतो आणि त्याचं खातं व हिशेब ग्रामपंचायतीच्या खात्यापासून वेगळा ठेवायचा असतो. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: मागणीचं पत्र कधी निघेल ते सांगता येत नाही आणि निघालं की उत्तर द्यायला आठ-दहा दिवस मिळतात. तेवढ्या वेळात ग्रामसभा बोलावून ठराव घेणं शक्य नसतं.

म्हणून पाच-सहा कामांच्या फायली आधीच तयार ठेवा. प्रत्येकीत ग्रामसभेचा ठराव, जागा ग्रामपंचायतीची असल्याचा सातबारा किंवा नमुना ८ चा उतारा, खासगी जागा असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र (साधं संमतीपत्र पुढे टिकत नाही), जागेचा फोटो, चालू दरसूचीचं अंदाजपत्रक, आणि हेच काम दुसऱ्या योजनेतून झालेलं किंवा प्रस्तावित नसल्याचा दाखला. दरसूची बदलली की अंदाजपत्रक जुनं होतं, तेवढं एक पान दरवर्षी नवं करून घ्यावं लागतं. जागेचा कागद मात्र सगळ्यात जास्त वेळ खातो. स्मशानभूमी, पाण्याची टाकी आणि ग्रामपंचायत इमारत या तिन्ही कामांचे प्रस्ताव त्याच एका कागदापायी परत येतात, तेव्हा तलाठ्याकडे आणि भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज याच महिन्यात टाका.